घरी गेलेल्यांचे रिपोर्ट

जठारपेठ, अकोला
४ ऑगस्ट २०२४

चि. ज्योत्स्नास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मे ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. अकोटहून येताना एसटीत तुझ्या आईची छाती पुन्हा धडधडली. तातडीच्या विभागात नेले. ठोके अनियमित आहेत म्हणाले, इंजेक्शन दिले आणि संध्याकाळी घरी पाठवले. महिन्यातली ही दुसरी खेप. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. ती त्यांना म्हणाली, "मले कायचं टेन्शन?" जेवण दुप्पट, तरी ब्लाउज ढगळ झालेत. हात थरथरून चहा बशीत सांडतो. मी वैतागलो आहे.

तुझा,
पुंजाजी

अमरावती
९ ऑगस्ट

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

वजन घटते, हात थरथरतात, ठोके चुकतात, आणि थायरॉइडची तपासणी कुणालाच सुचत नाही? आमच्या दवाखान्यातही लॅबमध्ये काम करताना मी डॉक्टरांशी याचसाठी भांडते. डॉक्टर म्हणतात, अशा प्रत्येकाला ती लागतेच असे नाही, आणि रिपोर्ट येईस्तोवर पेशंट घरी गेलेला असतो. पण आईला लागते! उद्याच जाऊन मागा. आईला जपा.

तुमची,
ज्योत्स्ना

अकोला
१६ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास आशीर्वाद.

गेलो. रिपोर्टच्या खिडकीवरच्या बाईंनी कॉम्प्युटर पाहिला. तपासणी पहिल्याच खेपेला झाली होती. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा आम्ही घरी. पुढच्या खेपेला कुणी तो उघडलाही नाही. थायरॉइड फार वाढलेले निघाले. मी टेबलावर हात आपटला. त्या म्हणाल्या, "काका, आमी रिपोर्ट टाकतो. पाहणारे दुसरे." गोळ्या सुरू झाल्या. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शांत राहा, शांत राहा, असे मीही तिला महिनाभर सांगत होतो.

बाबा

अमरावती
२१ ऑगस्ट

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम.

तुमचे पत्र वाचून मी आमच्या लॅबमधला ट्रे उपसला. घरी गेलेल्या सात जणांचे थायरॉइडचे बिघडलेले रिपोर्ट पडून होते. प्रत्येकावर माझी सही. सही केली की माझे काम संपले, असे मीही धरून चालले होते. सहा जणांना फोन लागले, त्यांना बोलावले. सातवे दर्यापूरचे देवमन. फोन त्यांच्या सुनेने घेतला. म्हणाली, "मामाजीले जाऊन बारा दिवस झाले. काय निघालं होतं त्याच्यात?"

वेळेवर कळले असते तर ते वाचले असते की नाही, मला ठाऊक नाही. रिपोर्टात होते ते मी सांगितले.  

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.

ज्योत्स्ना