दाखल्यावरचं वय

४ ऑक्टोबर, मंगळवार

मैत्रिणीच्या सायकलच्या ब्रेकची वायर माझ्या लेकीनेच कापली. पक्कड माझ्या शिलाई मशीनच्या खणातली. पोलीसबाईंना म्हणाली, "मला वाटलं, पडेल, गुडघे फुटतील, चार दिवस लंगडेल." एवढंच वाटलं! पुढे उतार आहे, उताराखाली हमरस्ता आहे, हे डोक्यातच आलं नाही. रोज त्याच उतारावरून दोघी कॉलेजला जातात!

मैत्रीण हॉस्पिटलात आहे. कमरेखाली तिला काही जाणवत नाही म्हणे. पहिलीपासूनची मैत्रीण.

५ ऑक्टोबर, बुधवार

वकीलबाईंनी आधी वय विचारलं. दाखला पाहिला. अठरा पूर्ण होऊन तीन आठवडे झालेत. त्यांनी पेनच खाली ठेवलं. "महिनाभर आधी घडलं असतं ना, तर सुधारगृह. समुपदेशक. दोन-तीन वर्षांत घरी. आता मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांचा तुरुंग."

मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. भित्री मेली! ती अठराची नाहीच. सतराची आहे.

६ ऑक्टोबर, गुरुवार

लिहूनच टाकते एकदा. मी शाळेच्या ऑफिसात कारकून. हिचा बाप निघून गेलेला, पाळणाघरवालीने हात वर केलेले, पोरीला ठेवू कुठे? पहिलीसाठी एक वर्ष कमी पडत होतं. रजिस्टर माझ्याच टेबलावर, पेन माझ्याच हातात. तारीख-महिना तोच ठेवला, साल एकाने मागे नेलं. सुवाच्य अक्षरात! माझ्या अक्षराचं केवढं कौतुक ऑफिसात. पालिकेत जन्माची नोंद केलीच नव्हती; दवाखान्याने दिलेला कागद तेवढा होता, तो फाडून टाकला.

पोर वर्गात बोलून जाईल या धास्तीने घरीही तेच वय चालवलं. पाचव्या वाढदिवसाला सहा मेणबत्त्या. तिला आजतागायत ठाऊक नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

वकीलबाईंच्या ओळखीच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "या वयात राग आधी येतो, विचार मागून. एकेका वर्षाने फरक पडतो हो."

एकेका वर्षाने!

वर्गात सगळ्यांना बुटाची नाडी बांधता यायची, हिला नाही. हातच्याची वजाबाकी आली की रडायची. मी धपाटे घालायचे — "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" वर्गात तिला 'बाळ' म्हणायचे. नाव त्या मैत्रिणीनेच ठेवलेलं. अपघाताच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या गेटवर सगळ्या पोरांसमोर तिने तीच हाक मारली, त्यावरून हे सगळं.

ती ढ नव्हती. लहान होती. आणि हे माहीत असलेली एकटी मी, मीच तिला मारत होते.

१० ऑक्टोबर, सोमवार

वकीलबाईंना सगळं सांगितलं. डोक्याला हात लावला त्यांनी. "नोकरी जाईल. तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल." होऊ दे! पण पुरावा काय? कोर्ट आधी शाळेचा दाखला बघतं. ती जन्मली तो दवाखाना कधीच बंद पडला, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. हाडांची तपासणी झाली. रिपोर्ट काय, तर वय सतरा ते एकोणीस. वा! एवढं तर समोरचा पानवालाही सांगेल.

ताई साक्ष द्यायला तयार आहे. "तुझं बाळंतपण मी काढलंय, मला नाही माहीत तर कोणाला? आणि तेव्हाच बजावलं होतं तुला, असलं काही करू नकोस म्हणून!" बजावलं होतं, खरं आहे.

वकीलबाई म्हणतात, तुम्ही दोघी घरच्याच. मुलीने साथ दिली तरच काही आशा.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

कोठडीत तिला भेटले. सांगितलं.

"म्हणजे मी मागे नव्हते?"

मला रडू आवरेना. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. म्हणाली, "इतकी वर्षं मोठी हो, मोठी हो करत होतीस. आता लहान हो म्हणतेस?"

मी म्हटलं, "कोर्टात विचारतील. तेवढं हो म्हण, बाई. पाया पडते तुझ्या."

नख कुरतडत बसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

अन्न जात नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

हॉस्पिटलात गेले होते. मैत्रिणीची आई दिसली, हातात औषधांची पिशवी. मी खांबाआड झाले. काय तोंडाने समोर जाऊ? आणि माझी पोर सुटावी म्हणून देवाला विनवतेय मी! तिची पोर उठून बसावी म्हणून एकदाही हात जोडले नव्हते. आज जोडले. पण मनापासून जोडले का, कोण जाणे.

१९ ऑक्टोबर, बुधवार

मी शपथेवर सगळं खरं सांगितलं. ताईनेही सांगितलं. मग न्यायाधीशांनी लेकीला विचारलं, "आई म्हणते ते खरं आहे का?"

"नाही साहेब," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "मी अठरा पूर्ण आहे. आई मला वाचवायला खोटं बोलतेय."

तिचं खरं मानलं त्यांनी.