पिवळ्या गोळ्यांचा डबा

वरठी,
१४ मे १९८४

जागेश्वरदादाले सुलोचनाचा नमस्कार.

आम्ही इकडं बरे आहो. तिकडं तूही बरा असशील असं लिहायचा रिवाज आहे, पण आपल्या गावचे भय्याजी नागपूरच्या दवाखान्यात तुले भेटून आले आन सगळं सांगून गेले, म्हणून ते लिहत नाही. गुलाबची कारखान्यात दिवसपाळी चालू आहे. ऊन मरणाचं आहे, विहीर खाली गेली. माह्या कुशीतले टाके अजून दुखतात, वाकलं की जास्तच. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आपणच सांगते.

भय्याजी म्हणाले, किडनी गेली. तुह्या अंगानं तिले झिडकारलं, असं डॉक्टर म्हणतात. मले हासूच आलं, दादा. भय्याजी घाबरून माह्या तोंडाकडं पाहत राहिले.

गुलाबशी लगन करून बौद्धाच्या घरात गेली म्हणून नऊ वर्षं मी तुम्हाले मेलेली होती. तुह्या दोन्ही किडन्या गेल्या, मायचं रक्त जुळलं नाही, तवा मेलेली पोरगी आठवली. तपासलं तर माह्या पेशी तुह्याशी सोळा आणे जुळल्या. गुलाब नको म्हणत होता. मी त्याच्याशी भांडून माही एक किडनी तुले दिली.

मुंबईले ऑपरेशननंतर धर्मशाळेत महिनाभर कोणाच्या हातचं जेवत होता रे? मिटक्या मारून! डॉक्टरनं मलेच समोर बसवून समजावलं, कारण कागदपत्र मीच पाहत होती. म्हणे, सख्ख्या बहिणीची असली तरी याच्या अंगाले ती परकीच. या पिवळ्या गोळ्या अंगाले दाबून ठेवतात, तवा ते तिले राहू देते. गोळी बंद झाली की अंग तिच्यावर उठते. म्हणून डबा आन डॉक्टरची चिठ्ठी माह्या थैलीत राहत होती; मुंबईबाहेर त्या गोळ्या कुठं भेटत नव्हत्या.

आन अड्याळले मायच्या घरी पोचल्यावर काय झालं? मायनं उंबरठ्यावरच तुह्यावर गोमूत्र शिंपडलं. तुले आत पाटावर बसवलं, मले ओसरीवर पत्रावळ मांडली, पाणी वरून ओतलं. माही किडनी आत पाटावर बसून पुरणपोळी खात होती आन मी बाहेर. तू पाहलं. माह्याकडं पाहलं आन वहिनीले वरण मागितलं. वरण! मी भरल्या पत्रावळीवरून उठली, थैली उचलली आन एस.टी.त जाऊन बसली.

डबा थैलीतच राहिला, हे भंडाऱ्याले उतरल्यावर ध्यानात आलं. एवढंच मी भय्याजीले सांगितलं. मंग कोणी घ्यायलेच आलं नाही, असं म्हटलं.

ते खोटं आहे.

धुरपतावहिनी तिसऱ्याच दिवशी आली होती. दारात उभी, पदर तोंडाशी. "बाई, गोळ्या देता का?"

मी म्हटलं, "देते ना. आधी आत या, चहा घ्या."

"नको बाई."

"काहून? चहात जहर कालवलं का मी?"

रडाले लागली. म्हणे, सासूबाईनं तुमच्या भावाच्या जिवाची शपथ घातली, तुमच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. मी डबा हातात घेऊनच उभी होती. कपात चहावर साय धरली. मी म्हटलं, "चहा प्या आन डबा न्या. त्याच्याशिवाय एक गोळी मिळणार नाही." बिचारी भर उन्हात कितीतरी वेळ उभी राहिली. मंग गेली. मी मागून हाक मारली नाही.

वाटलं, उद्या येईल. मंग वाटलं, तू येशील. वीस-बावीस दिवस मी रोज जास्तीचा कप मांडत होती. गोळी चुकली तर काय होते हे त्या घरात कोणाले नीट समजत नव्हतं, मले समजत होतं. तरी मी डबा पाठवला नाही. वाटलं, मरणाले भेशील आन येशील. तू मरणाले भ्याला नाहीस, चहाले भ्याला.

आन आता तुहा निरोप, सुलोचनाच्या हातचा चहा प्यायचा आहे! डॉक्टरनं तुहं पाणी दिवसाले दोन कपांवर आणलं. त्यातला एक माह्या चहासाठी ठेवतो असं तू म्हणाला म्हणे. भय्याजी सांगतानाच रडले. मी त्यांच्यासमोर नाही रडली.

परवा सकाळच्या गाडीनं मी थर्मास घेऊन येऊन राहिली. डबाही आणते, त्याचा आता उपयोग नसला तरी. पण माही अट ऐकून ठेव. पहिला कप माय पिईल. दुसरा वहिनी. वॉर्डात, सगळ्यांच्या समोर. त्या प्याल्या तर तुले देईन. नाही तर थर्मास तुह्या डोळ्यांपुढं मोरीत ओतून वापस जाईन.

मी काय करून राहिली ते मले समजते. मी तुले मारलं, दादा. माह्या हातानं दिलं आन माह्याच हातानं मारलं. झोप येत नाही, जेवण जात नाही. तरी अट मागं घेत नाही. हे पत्र मायले वाचून दाखव.

जिले तुह्या घरात जागा नव्हती आन पोटातही झाली नाही,
ती तुही बहीण
सुलोचना