बाहेरच्या खडकावरचे पाणी

“बाई, ही दोरी कोणाच्या बाबांची?”

आमच्या एका खोलीच्या शाळेत दुसरीत शिकणाऱ्या मेबलने गेल्या मार्चमध्ये मला हा प्रश्न विचारला. फळ्याशेजारी मी एका देवमाशाचे चित्र लावले होते. शेवंडे धरायच्या पिंजऱ्यांची दोरी त्याच्या जबड्यातून जाऊन शेपटीभोवती आवळली गेली होती. ती दोरी कोणाची, हे मला आजही माहीत नाही. कायदेशीर कागद असा सुरू करत नाहीत, असे वकीलबाईंनी मला बजावले आहे. पण हा प्रश्न नसता तर मी हा कागद लिहायला बसले नसते, म्हणून तो वरच राहू द्यावा.

मी, कोरिन फिलब्रुक, नोरीन फिलब्रुक आणि दिवंगत एल्विन फिलब्रुक यांची मुलगी, वय एकोणतीस, धंदा शिक्षिका आणि उन्हाळ्यात शेवंडांची मासेमारी, राहणार सॉरेल बेट, मेन राज्य, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहीत आहे. मला कोणताही आजार नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि दोन कप कॉफीखेरीज दुसरा कसला अंमलही नाही. मी होडीवर बहुतेक वेळा एकटी जाते, एवढे कारण या कागदाला पुरेसे आहे.

आईला हे पटलेले नाही. “एवढ्याशा पोरीनं मृत्युपत्र लिहायचं? ऐकून कसंतरी होतं,” ती म्हणाली.

“बाबांनी लिहिलं असतं तर लायल आणि मी दोन हिवाळे एकमेकांशी बोलायचं थांबलो नसतो,” मी म्हणाले. त्यावर तिने पावाला लोणी लावायला घेतले. पटले पण कबूल करायचे नाही, असे असले की ती हेच करते.

लायल माझा मोठा भाऊ. आमच्या बेटावर समुद्र वाटलेला आहे. कागदावर नव्हे, पण तळाशी सोडलेल्या पिंजऱ्यांच्या दोरीला बांधलेले कोणाचे बोये कुठे तरंगायचे हे सगळ्यांना पाठ असते, आणि प्रत्येक घराच्या बोयांचा रंग वेगळा असतो. आमचे नारिंगी, मध्ये पांढरा पट्टा. बाबांनी आजारपणात सांगितले की खाडीतले पाणी लायलचे आणि बाहेरचा खडक कोरीचा, म्हणजे माझा. खाडीबाहेर पाण्याखाली असलेल्या या खडकावर शेवंडे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात मोठी मिळतात. लायलने सोळाव्या वर्षी शाळा सोडून बाबांच्या होडीवर पाऊल ठेवले होते. मी कॉलेजात गेले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ते प्रमाणपत्र आईने चौकटीत घालून स्वयंपाकघरात फ्रीजच्या वर टांगले आहे. कॉलेजची फी त्या खडकानेच भरली, हे लायल मला विसरू देत नाही आणि मी विसरतही नाही.

तेव्हा घरच्यांना या कागदातून एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. माझ्यामागे बाहेरचा खडक कोणाचा? त्याबद्दल शेवटी लिहिले आहे. पाने उलटून आधी तिकडे जाऊ नये. लायल, हे तुला आहे.

कलम पहिले. घर. मावशीने मला दिलेले टेकडीवरचे छोटे घर आई असेपर्यंत आईच्या ताब्यात राहील. त्यानंतर ते शाळेला जावे, आणि जो कोणी शिक्षक किंवा शिक्षिका बेटावर येईल त्याने त्यात बिनभाड्याने राहावे. उन्हाळी पाहुण्यांना ते एक आठवडाही देऊ नये. एकेक घर त्यांनी घेतले आणि शिकवायला येणाऱ्याला राहायला जागा उरली नाही, म्हणून शेजारच्या बेटावरची शाळा बंद पडली. स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याला आत येऊ देते. ती दुरुस्त करायचे मी दर वर्षी ठरवते.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल ते वर्गातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी वापरावे. टाकीतल्या खेकड्यांना मुले रविवारीसुद्धा खायला घालतात आणि खेकडे मरतात. नव्या शिक्षिकेने मुलांवर रागावू नये. एखाद्या जिवाला जास्तीच्या मायेनेही त्रास होतो, हा धडा त्याच टाकीत शिकवता येतो.

कलम तिसरे. माझे शेवंडे मोजायचे पितळी माप आणि खाच पाडायची पक्कड मेबलला द्यावी, तिला विद्यार्थ्यांचा मासेमारी परवाना मिळेल त्या दिवशी.

या पकडीबद्दल थोडे लिहिते. मी कॉलेजातून परत आले तेव्हा मला मिळालेल्या पाठ्यक्रमात पर्यावरण म्हणजे बर्फावरचे अस्वल आणि दूरदेशीचे जंगल होते. मुले जांभया देत होती. मग एका बुधवारी मी त्यांना होडीवर नेले. पिंजऱ्यात पोटाखाली अंडी असलेली मादी आली, की आमच्याकडे तिच्या शेपटीच्या पंख्याला एक खाच पाडतात आणि तिला सोडून देतात. नंतर अंडी नसतानाही ती कोणाच्या हाती लागली तर त्याने खाच बघायची आणि तिला परत पाण्यात टाकायचे. त्या दिवशी आली त्या मादीची खाच जुनी होती, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

मी मुलांना विचारले, “हे कोणी केलं असेल?”

“माझ्या बाबांनी,” एक म्हणाला.

“हट, तुझे बाबा इकडे पिंजरे टाकतच नाहीत. माझ्या आजोबांनी.”

“तुझे आजोबा तर कधीच वारले.”

“मग? वारायच्या आधी केलं असेल.”

सगळे हसले, आणि मग एकेकाने त्या खाचेवरून बोट फिरवले. माणसाचा हात निसर्गात कुठे दिसतो, हे मला त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही. तेव्हापासून आमचा नियम झाला: काहीही दिसले, भरतीने आणलेली प्लास्टिकची बाटली, ओढ्यावरचा तेलाचा तवंग, घरट्यासाठी लावलेली पेटी, की विचारायचे, हे कोणी केले. म्हणजे मेबलच्या तोंडी तो प्रश्न मीच घातला होता. चांगल्या खाचेला जो प्रश्न लागू, तोच वाईट दोरीलाही लागू, एवढे तिला सातव्या वर्षी कळले.

कलम चौथे. देवमाशाचे ते चित्र शाळेच्या मालकीचे आहे. ते भिंतीवरून काढू नये.

ते काढावे म्हणून चर्चच्या तळघरात सभा झाली होती. मेबलचे वडील डीक उभे राहिले. ते मोठ्याने बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. “पोरगी जेवायला बसेना, कोरी. म्हणते, बाबा, तुमची होती का दोरी? मी काय सांगू? आयुष्यात मी एक देवमासा पाहिलेला नाही.”

“तिला तेच सांगायचं, डीक. पाहिला नाही असं.”

“सांगितलं. म्हणते, मग त्यानं तुम्हाला पाहिलं असेल.”

मागून कोणीतरी हसले. लायल दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, “आज दोरी वाईट, उद्या पिंजरा वाईट, परवा बाप वाईट. मास्तरीणबाई, शाळेत जरा बेरीज-वजाबाकीपण शिकवा.”

मी त्यांना सांगितले की दोरी टाकणारा माणूस वाईट असतो असे मी वर्गात कधी म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. मुलांनी विचारू नये असे मात्र मला म्हणता येणार नाही. चित्र राहिले ते माझ्या बोलण्याने नव्हे. आमच्या पोस्टमास्तर आर्डिथबाई म्हणाल्या, “चित्र काढलंत तर पोरं त्याबद्दल दुप्पट बोलतील,” आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती.

कलम पाचवे. होडी, तिचे इंजिन, दोर ओढायचे यंत्र आणि पाऊणशे पिंजरे लायलला द्यावेत. अट एकच: मासेमारीच्या हंगामात दर बुधवारी शाळेच्या मुलांना होडीवर न्यायचे. त्याला ते नको असेल तर होडी शाळेने घ्यावी.

हे कलम वाचून बेटावर भुवया उंचावतील, म्हणून जे बहुतेकांना माहीत आहे ते लिहून टाकते. सभेनंतरच्या आठवड्यात माझ्या बोयांच्या दांड्यांवर दोरीचा एकेक जादा वेढा घातलेला मला आढळला. आमच्याकडे ताकीद अशीच देतात. बोलत नाहीत. न ऐकणाऱ्याची दोरी पुढच्या वेळी कापली जाते आणि पिंजरे तळाशी राहतात. वेढे डावखुऱ्या माणसाने घातलेले होते. मला बुटाची नाडी बांधायला ज्याने शिकवले त्याचा हात मी ओळखते. त्याच्यामुळे मीसुद्धा नाडी उलटी बांधते.

ते वेढे सोडवून मी आईच्या घरी गेले. लायल रात्रीचे उरलेले चाउडर खात होता.

“सूप कसं आहे?” मी विचारले.

“खारट.” तो वर न बघता म्हणाला. मग चमचा ठेवला. “वर्गात सांगितलंस का, तुझे पिंजरे कुठे आहेत ते? त्या देवमाशांची वाट बाहेरच्या खडकावरून जाते, हे तुझ्याच वर्गातल्या नकाशात आहे. माझ्या खाडीत नाही येत ते. डीकच्या पाण्यातही नाही. तुझ्या दोऱ्या त्यांच्या वाटेत उभ्या आहेत, कोरी. आणि पोरं रडतात कोणासाठी, तर आपल्या बापासाठी.”

आई म्हणाली, “लायल, जेव.”

“जेवतोय.”

त्याचे म्हणणे खरे होते. वेढ्यांबद्दल माझा त्याच्यावर राग होता. आता त्यातला थोडा उरला आहे, तो कोणाच्या नावे करत नाही. होडी त्याला देते, कारण मुलांना पाण्यावर सांभाळून नेणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस बेटावर नाही. पिंजऱ्याबरोबर पाण्यात ओढली जाणारी दोरी पायात अडकू नये म्हणून कुठे उभे राहायचे, हे त्याने मला बारा वर्षांची असताना शिकवले होते, एकदाही आवाज न चढवता.

कलम सहावे. पुस्तके शाळेला. माझे पाण्याचे बूट ज्याच्या पायाला येतील त्याला. पदवीचे प्रमाणपत्र आईने हवे तिथे ठेवावे, पण स्वयंपाकाची वाफ लागून ते पिवळे पडत चालले आहे.

आता बाहेरचा खडक.

वकीलबाई म्हणाल्या, समुद्र मृत्युपत्रात लिहिता येत नाही आणि परवाना माणसाबरोबर संपतो. ते कायद्याचे झाले. बेटाचे म्हणणे असे, की जो पाणी राखतो त्याचे पाणी, आणि त्याच्यामागे त्याच्याच रंगाचे बोये असलेल्या घराचे. मी काही न लिहिता गेले असते तर नारिंगी बोये घेऊन लायल तिथे गेला असता आणि त्याला कोणी हरकत घेतली नसती. बाबांच्या होडीवर गेल्यापासून सतरा वर्षे त्याने त्या खडकाची वाट पाहिली आहे. मला ते ठाऊक आहे, आणि पुढचे लिहिताना मला त्याचे वाईट वाटते.

मागच्या शनिवारी मी बाहेरच्या खडकावरचा शेवटचा पिंजरा उचलला. दोऱ्या गुंडाळून होडीत ठेवल्या. मग आमच्याकडे सगळ्यांनी ऐकावे असे काही सांगायचे असते तेव्हा सांगतात तसे, होडीच्या रेडिओवरून सांगितले.

“कोरिन बोलतेय. बाहेरचा खडक मी सोडला. आमच्या रंगाचा आता तिथे हक्क नाही.”

मग डीक. “या मोसमापुरता ना?”

“नाही. कायमचा.”

“एल्विनचं पाणी होतं ते, पोरी.”

“हो. म्हणूनच मोठ्यानं सांगतेय.”

मग लायलचा आवाज आला. “आता कोणीही टाकेल तिथे पिंजरे. मीसुद्धा टाकेन.”

“टाकू शकतोस. तुझी दोरी मी कापणार नाही, आणि वर्गात तुझं नाव घेणार नाही.”

“पण पोरं विचारतील.”

“विचारतील.”

त्याने रेडिओ बंद केला. त्याने पिंजरे टाकले तर तो निर्णय त्याचा. त्याच्या नावे करून देण्यासारखे माझ्याकडे तिथे काही राहिलेले नाही, म्हणून या मृत्युपत्रात बाहेरच्या खडकासाठी कलम नाही. ते पाणी मी जिवंतपणीच सोडले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या समक्ष त्यावर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही. विल्बर यांना बूट येतात का हे पाहिले, येत नाहीत.

(सही) कोरिन फिलब्रुक

साक्षीदार:
१. आर्डिथ स्प्रॉल, पोस्टमास्तर
२. विल्बर हॉजकिन्स, निवृत्त होडी-सुतार

सॉरेल बेट, मेन
सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३