दुर्बिणीतून दिसलेली भिंत

मु. आपल्या बहिणीचं सासर, शिरूर अनंतपाळजवळ

आदरणीय बापूसाहेब मेहुणे यांना शिवमूर्तीचे शरणार्थ. नांदेडात आपली तब्येत गुडघा वगळता ठणठणीत असेल. (गुडघ्याचं आपल्या बहिणीनं फोनवर ऐकलं आणि मला दोन दिवस ऐकवलं.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, गावाचं नवं सभागृह मात्र नाही. आपण तीस वर्षं बांधकाम खात्यात इंजिनिअर होता, म्हणून सविस्तर लिहितो.

आपली भाची भार्गवी कॉलेजात एअर रायफल चालवते. लातूरच्या स्पर्धेत यंदा दुर्बीण लावून तीस मीटरवर नेम धरायचा होता. दुर्बीण आली आणि ती बसवायला मी बसलो. (बत्तीस वर्षं भूमिती शिकवली, दोन कड्या आणि आठ स्क्रू म्हणजे काय!) दुर्बिणीत एक बारीक फुली दिसते. तिची उभी रेघ अगदी उभी हवी, नाहीतर जवळ बसलेला नेम लांबवर बाजूला पळतो. भार्गवी म्हणाली, "बाबा, समोर ओळंबा टांगू, त्याच्या दोरीला रेघ जुळवू." मी म्हणालो, समोर एवढं नवंकोरं सभागृह उभं असताना दोरी कशाला? रायफल वाळूच्या पिशव्यांत सपाट बसवली, फुलीची रेघ सभागृहाच्या कोपऱ्याला तंतोतंत जुळवली आणि स्क्रू आळीपाळीनं आवळले.

दहा मीटरवर सगळे छर्रे ठिपक्यात. तीस मीटरवर उंची बरोबर, पण सगळे बोटभर उजवीकडे. मी पोरीला श्वास धर म्हणालो, खांदा सैल सोड म्हणालो, शेवटी मोबाईल कमी बघ म्हणालो. ती रडवेली झाली. स्पर्धा चार दिवसांवर आलेली. तेव्हा आपली बहीण जगदेवी सभागृहाच्या गच्चीवर चढली आणि कोपऱ्यावरून ओळंबा सोडला. मी दुर्बिणीला डोळा लावला. वर भिंतीला टेकलेली दोरी खाली भिंतीपासून चांगली वीतभर लांब होती.

गाव जमलं. ठेकेदार व्यंकटी आला. म्हणाला, "गुरुजी, ओळंबा वाऱ्यानं हालायलाय. भिंत एकदम सरळ हाय." (लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.) सरपंचांनी त्याच सभागृहात तातडीची सभा घेतली. सगळे सदस्य त्या भिंतीपासून लांब, समोरच्या भिंतीला खेटून बसले आणि ठराव एकमतानं मंजूर झाला, की सार्वजनिक इमारतीवर परवानगीशिवाय ओळंबा सोडू नये. आमचा ओळंबा जप्त झाला. मग भार्गवीनं दोरीला कुलूप बांधून अंगणात टांगलं, स्क्रू सैल करून रेघ पुन्हा जुळवली, आणि पाचही छर्रे रुपयाएवढ्या जागेत बसवले. मी बाजूला उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

लातूरला तिचा दुसरा नंबर आला. आता सोमवारी उद्घाटन, आणि तिचा सत्कार नेमका त्याच कललेल्या भिंतीखाली. निम्मं गाव आत बसणार. पोरगी म्हणते, "मी न्हाई बसणार, आणि कुणाला बसू बी देणार न्हाई."

आपला,
शिवमूर्ती

ता. क. एक सांगायचं राहिलं. या कामाच्या पाहणी समितीचा अध्यक्ष मीच आहे. भिंत ओळंब्यात असल्याच्या दाखल्यावर सही माझी आहे. (व्यंकटीनं चहा मागवला होता, सही चहाबरोबर झाली.) तो कागद लातूरच्या कार्यालयात आहे. आपल्या जुन्या ओळखीनं तेवढा गुपचूप काढून घेता येईल काय? पत्राचा उद्देश एवढाच.

ता. क. २. भार्गवीनं वरचं वाचलं. सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. तरी वरची विनंती रद्द समजावी. आपणच गुडघ्यासह येऊन भिंत तपासावी. सही मागे घेतल्याचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. फक्त तारीख टाकलेली नाही.

मामा, तारीख मी टाकली. अर्ज तहसीलला देऊन पोच पण घेतली. सोमवारच्या आत या. – भार्गवी