मालकाने सायकलनेच का यावं

डिंडोली, सुरत
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

चि. किसन यास नानाचा आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी पुतणी उज्ज्वला धडधाकट आहोत. तिकडे उषा आणि पोरं मजेत असतील असं धरून चालतो, कारण विचारायला तोंड नाही.

सोळा वर्षांत माझ्या सायकलीने काय काय खाल्लं ते परवा मोजलं. टायर नऊ, सीटा तीन, चेनी दोन, एक पायजमा चेनमध्ये गेलेला, आणि ट्यूबा किती ते पंक्चरवाल्याला माहीत. दोनशे माणसांसमोर एवढंच सांगितलं. एक गोष्ट त्यात धरली नाही.

झालं असं, की दिवाळीच्या लाभपाचमेनंतर आमच्या मंडळाचं स्नेहमिलन होतं, पर्वत पाटियाच्या हॉलमध्ये. सगळे लूमवाले. प्रमुख हसमुखभाई पानाच्या टपरीपर्यंत जायलाही मारुती काढतात. त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "भाईदासभाई, साइकल पर बे शब्द बोलो." दोन शब्द म्हणता म्हणता मी पाऊण तास घेतला. गुजराती माझी अजून निम्मी अमळनेरचीच आहे, लोक हसले, पण उठून कोणी गेलं नाही.

मी म्हटलं, साखर नाही, ब्लडप्रेशर नाही, गुडघे शाबूत, हे फायदे डॉक्टरसुद्धा सांगेल. मालकाने सायकलवर यावं ते कानांसाठी. गाडीची काच वर केली की धंदा बाहेर राहतो. मी डिंडोलीहून बमरोलीच्या कारखान्यात पोचेपर्यंत कोणाचा कारागीर कोणाकडे चाललाय, कोणाचं सूत संपलंय, कोणाचे किती माग बंद आहेत, हे सगळं रस्त्यातच कळतं. कारागीर गाडीला वाट देतो, सायकलीला देत नाही. बरोबरीने चालवतो आणि बोलतो. आणि मुख्य म्हणजे, म्हटलं, माझ्याकडे चोवीस माग आहेत आणि मी कधी दारात उभा राहीन ते एकाही माणसाला कळत नाही. सायकल आवाज करत नाही. पावर बंद असते त्या दिवशी तर मी मुद्दाम जातो. माग थांबले की माणसं खरं बोलतात.

टाळ्या पडल्या. हसमुखभाई म्हणाले, "काले हुं पण साइकल लईने आवीश." त्या 'उद्या'ला आज आठवडा झाला, मारुतीच दिसते.

तू म्हणशील, नाना सहा वर्षांनी पत्र लिहितो आणि सायकलीचं पुराण लावतो. जरा दम धर.

तुला माझ्यासमोर कधी मागता आलं नाही. बाप गेला तेव्हा तू सात वर्षांचा, मला बापाच्या जागी धरून बसलास. चप्पल हवी असली तरी चुलीपुढे बसून वहिनीला सांगायचास, ओट्यावर मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी ऐकलंच नाही असं दाखवायचो आणि बाजारच्या दिवशी चप्पल आणायचो. आपल्या घरात ते तसंच चालायचं. लेकी बोले सुने लागे, तसं आपलं वहिनीला बोले, नानाला लागे.

सुरतेत प्लेग आला त्या साली तुझं कार्ड आलं, तेही तिच्याच नावाने. "वहिनी, सगळे बरे आहात ना?" तिला लिहिता येत नव्हतं, उत्तर लिहून घ्यायला ती उज्ज्वलाजवळ बसली. मी म्हटलं, काही गरज नाही. ती उठली, भाकरी टाकायला गेली. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा ते कार्ड तिच्या डाळीच्या डब्यामागे सापडलं.

दहाव्याला तू तापीवर आलास. टोकाला उभा राहिलास आणि न जेवता गेलास. मी तुला पाहिलं होतं, किसन. जेव म्हटलं नाही.

आता ते ९१ सालचं. पावर बंदचा दिवस होता. मी कारखान्याच्या मागच्या भिंतीशी सायकल लावली आणि आत तू आपल्या कारागीर दत्तूला सांगत होतास, "आठ माग भाड्याने बघून ठेवलेत. महिनाअखेर मी निघतो. तू येतोस का?" मी ज्याला माग बांधायला शिकवून मास्तर केलं तो माझीच माणसं फोडतोय. पुढचं ऐकवेना. तुम्हाला कळू नये म्हणून सायकल खांद्यावर घेतली आणि नाल्यापर्यंत पायी गेलो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तुझी पान्ह्यांची पेटी उचलून बाहेर ठेवली. चोर म्हटलं. तू एक शब्द बोलला नाहीस. मला तोच पुरावा वाटला.

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी मी दत्तूपुढे मिरवत होतो, काय बोललो, किती टाळ्या पडल्या. तो धोट्यात कांडी बसवता बसवता हसला.

"सेठ, किसनमास्तर तर त्या दिवशी तुमचीच वाट बघत होता."

"कुठल्या दिवशी?"

"काढलंत त्याच्या आदल्या दिवशी. तुम्ही भिंतीआड आलात तसं त्याने मला खुणावलं, आणि मग बोलायला लागला. तुमच्यासाठीच तर बोलत होता."

मी विचारलं, माग बघितल्याचं सांगून झाल्यावर तो काय म्हणाला. दत्तूने कांडी खाली ठेवली. "तुम्ही ऐकलं ना सगळं? आम्हाला वाटलं, ऐकून मग काढलंत."

मग त्याने तुझं बोलणं तुझ्याच अहिराणीत सांगितलं. "नाना फक्त 'थांब' म्हने, ते मी कोठेच जावाव नही."

मी ते ऐकलं नव्हतं रे. मी तोवर नाल्याच्या वाटेला लागलो होतो. तू सहा वर्षं हेच धरून बसला असशील, की नानाने हे वाक्य ऐकलं आणि तरी पेटी बाहेर ठेवली. तुझ्या वहिनीलाही तू तसंच सांगितलं असशील, नाहीतर ती शेवटपर्यंत माझ्याशी एवढं कमी का बोलली असती. तिला आता सांगता येत नाही. तुला सांगतोय.

कारखान्यात ये म्हणत नाही. पुढच्या रविवारी मीच भुसावळ पॅसेंजरने तुझ्याकडे येतो. तुला समोर यायचं नसेल तर येऊ नकोस. मी ओट्यावर बसून उषाशी बोलेन. तू आतून ऐक.

आणि मी भिंतीआड आलोय हे तुम्हाला कसं कळलं, तेही दत्तूला विचारलं. हे लिहायची लाज वाटते म्हणून शेवटी ठेवलं. तो म्हणाला, मागच्या मडगार्डचा स्क्रू पहिल्या वर्षापासून ढिला आहे, पावर बंद असली की तुमची खडखड नाल्यापासून सगळ्यांना ऐकू येते.

तुला "थांब" न म्हणालेला,
नाना