वांगणीची फेरी

प्रिय पुष्पलता,

मला नोकरी लागल्याचं तुला नीलेशच्या स्टेटसवरून कळलंच. तू लगेच पेढ्यांच्या बॉक्सचं चित्र पाठवलंस आणि मी त्यावर नुसतं हसरं तोंड पाठवून गप्प बसले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा टाकते आणि विसरते. धुतलेले कपडे पुन्हा धुवायला टाकते. फोन केला असता तर दोन मिनिटांत तू ‘सोड ना’ म्हणाली असतीस आणि मीही खुशाल सोडून दिलं असतं. म्हणून कागद घेतला. दोन फाडून झाले, हा तिसरा.

आधी बरं ते सांगते. इंग्लंडातलं हे शेफील्ड डोंगरउतारावरचं शहर आहे, आपल्यासारखं म्हणावं असं तेवढंच. नीलेश इस्पितळाच्या एक्स-रे विभागात रुजू झाला आणि मी आठ महिने एका कारखान्यात सँडविचमध्ये काकडीच्या चकत्या मांडत उभी राहिले. केसांवर जाळी, हातात मोजे. जव्हारच्या कॉलेजात अकरा वर्षं शिष्यवृत्तीची खिडकी सांभाळली, हे इथे कोणाला सांगायचं आणि कसं? अर्जात लिहायचे तर समोरचे ‘आभारी आहोत’ कळवायचे. असे एकोणीस आभार जमले. विसावं पत्र विद्यापीठाच्या विद्यार्थी-अर्थसाहाय्य विभागातून आलं, मुलाखतीला या म्हणून. मी एवढी घाबरले, की नीलेशला टेबलापलीकडे बसवून चार दिवस प्रश्न विचारायला लावले. तो पठ्ठ्या नवरा माझी उत्तरं ऐकत जेवून घ्यायचा.

मुलाखतीला तिघं होते. विभागप्रमुख हेलन, पन्नाशीची, शांत बाई. तिने विचारलं, एखाद्या विद्यार्थ्यासाठी तुम्ही आपल्या कामाच्या चौकटीबाहेर काय केलंत, ते सांगा. पुष्पे, अकरा वर्षांत मी चौकटीबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तुझ्याइतकं ते कोणाला ठाऊक? पाचला खिडकी बंद म्हणजे बंद. मी डोळे मिटले आणि मला रुपी आठवली.

तुलाही आठवत असेल. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, फॉर्म भरायची शेवटची तारीख. रुपी माझ्या खिडकीशी आली होती. ओटीपी यायचा तो तिच्या बापाच्या नंबरवर, आणि ती म्हणत होती, “मॅडम, मोबाईल बापाकडं हाय, वांगणीला. थय रेंज नाय.” मी तिला नियम सांगितला आणि पुढच्या मुलाचा कागद हातात घेतला. शेजारच्या खिडकीतून तू उठलीस. तिच्या गावची, वांगणीची माणसं त्याच आठवड्यात वीटभट्टीवर निघणार होती. फॉर्म राहिला तर तिचा बाप जिव्या पोरीलाही बरोबर नेणार, हे तू तिच्याकडून काढून घेतलंस. मी नाही विचारलं. वावर गावापर्यंत जीप, पुढे पायी. तू गेलीस, आणि साडेचारला जिव्याला मोबाईलसकट घेऊन परत आलीस. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, सुतळीने बांधला होता. फॉर्म वेळेत गेला. रुपी कॉलेजात राहिली. आणि मी, हजेरीचं मस्टर माझ्याकडे होतं म्हणून, तुझ्या नावापुढे लाल पेनाने अर्धी रजा लावली. वर तुला म्हणाले, “तुला कोणी सांगितले होते हे उद्योग?”

हीच गोष्ट मी हेलनला सांगितली. फक्त तुझ्या जागी मी होते. जीप, सुतळी, चालणं, सगळं माझं. अगं, इतकं अडखळत इंग्रजी बोलणारी मी, तेव्हा मात्र घडाघडा बोलले. तिघंही लिहायचे थांबले. मग हेलनने विचारलं, तुम्ही तिच्या घरी पोचलात तेव्हा तिचे वडील काय म्हणाले?

मला माहीतच नव्हतं. मी कधी तुला विचारलंच नव्हतं. दोन खिडक्यांमध्ये हातभर अंतर, त्यानंतर तीन वर्षं आपण एकाच डब्यातून भाकरी खाल्ली, आणि मी विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, लाजेने. त्यांना वाटलं, मला भरून आलं. हेलनने पाण्याचा पेला पुढे केला. दुसऱ्या दिवशी नोकरीचं पत्र आलं.

कामावर जायला लागून सहा आठवडे झाले. इथे खिडकी नाही, दोन खुर्च्या आहेत आणि मध्ये कागदी रुमालांचा डबा. इकडची पोरंही आईबापाच्या कागदापाशीच अडतात. परवा एक मुलगी आली होती. आई वेगळी राहते, उत्पन्नाचा पुरावा देत नाही, म्हणून सगळं थांबलेलं. पाच वाजले. माझा हात संगणक बंद करायला गेला आणि तिथेच राहिला. मी तिला खुर्चीवरून उठू दिलं नाही. आईला फोन लावायला लावला, मीही बोलले, सव्वासहा वाजले. कागद यायचाय अजून. पण बाहेर पडल्यावर मला बरं वाटायच्या ऐवजी तुझा राग आला, बघ. वाटलं, हे असं रोज करून ही बाई दुपारी निवांत कशी जेवायची?

आता हे आजच का लिहिते आहे ते. हेलनने सांगितलंय, सोमवारी विभागातल्या नव्या लोकांना ती गोष्ट तू स्वतः सांग. नीलेश म्हणतो, गप्प बस, कोण वांगणीला जाऊन विचारणार आहे? त्याचं चूक नाही, घर दोघांच्या पगारावर धरलंय. पण मी ठरवलंय. सोमवारी सकाळी मी आधी हेलनला भेटणार आणि ती फेरी कोणाची होती ते तुझ्या नावासकट सांगणार. पुढे ती ठेवेल किंवा काढेल. काकडीच्या चकत्या मला अजून मांडता येतात. हे पत्र तुला पोचेपर्यंत सोमवार उलटून गेलेला असेल, म्हणजे तुला मला अडवता येणार नाही. तुझी माफी मागते, लाल पेनासाठीही. आणि जे त्या संध्याकाळी मस्टर पुढे ओढायच्या आधी विचारायला हवं होतं, ते आता विचारते. तू वांगणीला त्या घरी पोचलीस, तेव्हा जिव्या काय म्हणाला?

तुझीच,
शेजारच्या खिडकीतली
निशा