एका नंबरची दोन माणसं

सोमवार, ६ जानेवारी २०२५. रात्री.
सकाळी मायको सर्कलजवळच्या नव्या ऑफिसच्या पायरीवर बसून आईने बांधून दिलेली भाकर खात होतो. दहाला रुजू झालो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, तरी नोकरी मिळाली! सटाण्याहून निघताना आई मात्र म्हणत होती, तुझी उसाच्या रसाची गाडी बरी चालली होती, नाशिकला कशाला?

जिल्ह्यातल्या फेरीवाल्यांची सरकारी यादी सर्वांसाठी खुली होणार आहे. तिच्यावरून ॲप निघेल. चहा कुठे, भाजी कुठे, लोकांना फोनवर दिसेल. माझे काम दुबार नोंदी काढण्याचे. माझ्या वरच्या रोहिणी मॅडमनी नियम सांगितला : मोबाइल नंबर एक म्हणजे माणूस एक. जुनी नोंद ठेवायची, नवी काढायची. चाचणीसाठी स्वतःची नोंद करायला लावली. मी भरले : धनराज, वडापाव, मायको सर्कल. मॅडम म्हणाल्या, चला, नोकरी गेली तर गाडा तयार. सगळे हसले. मीही.

बुधवार, ८ जानेवारी.
ऑफिससमोर रंगूबाई आणि सगुणाबाई, जावा-जावा, एकच गाडा लावतात. रंगूबाईचा चहा, सगुणाबाईची भजी. फोन दोघींत एक, साखरेच्या डब्यामागे ठेवलेला. साखर कमी सांगितली तर सगुणाबाई म्हणते, भाऊ, गोड खायाचं नाय तर गोड बोला तरी. भज्यांचे वीस रुपये द्यायचे राहिले.

सोमवार, १३ जानेवारी.
दिवसाला तीनशे नोंदी. डोळे चुरचुरतात. आज त्या दोघी समोर आल्या. नावे दोन, नंबर एक. मॅडमना सांगितले, माणसे खरोखर दोन आहेत, मी रोज पाहतो. त्या म्हणाल्या, असे अपवाद धरत बसलो तर यादी कधी संपायची?
सहा वाजत आले होते. मी दमलो होतो. सगुणाबाईची नोंद नवी होती. काढली.

बुधवार, १५ जानेवारी.
काल संक्रांतीची सुट्टी. आज गाड्यावर रंगूबाई एकटी. भज्यांची कढई नाही. सगुणाबाई गावी गेली का, विचारले. ती म्हणाली, कोण सगुणाबाई? नवऱ्याला भाऊच नाय, तर जाऊ कुठली? भाऊ, झोप काढा जरा.
चहा मात्र तिने स्वतःसाठी दोन कपांत ओतला, आणि दुसऱ्या कपाकडे बघत राहिली.

गुरुवार, १६ जानेवारी.
सगुणाबाईची नोंद परत भरून पाहिली. ‘या नंबरवर व्यक्ती आहे’ एवढेच येते. मॅडम म्हणतात, हे नाव यादीत कधीच नव्हते.
आजवर मी दोन हजार एकशे बारा नोंदी काढल्या आहेत.

शुक्रवार, १७ जानेवारी.
उद्या दुपारी बाराला उरलेल्या यादीतल्या दुबार नोंदी आपोआप निघणार. यादी चाळली. त्यात मी आहे. धनराज, उसाचा रस, सटाणा, २०२२. धनराज, वडापाव, नाशिक, २०२५. नंबर तोच. जुनी राहणार. नवी —
नंबर बदलायला वरची परवानगी लागते. अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, सोमवारी बघू.

शनिवार, १८ जानेवारी. १२.०४.
अजून आहे. हात दिसतो. अक्षर नीट येते.

१२.१०.
मॅडमना हाक मारली. तीनदा. त्यांनी माझी खुर्ची उचलून भिंतीला लावली. मी उभा होतो म्हणून —

१२.१६.
आईला फोन लागला. कोण बोलतंय, म्हणाली. धनराज म्हटल्यावर चिडली : “मना धनराज तं आठेच शे! रस काढी राहिना.” तिचा धनराज तिथेच आहे, रस काढतोय म्हणे. मागे घुंगरे वाजत होती. माझ्याच चरकाची. मग कुणीतरी तिला हाक मारली. आवाज —

१२.२०.
खिडकीतून गाडा दिसतो. गिऱ्हाईक कुणी नाही; रंगूबाई तीन कप ओतते आहे.

हिशेब लिहून ठेवतो.
खर्च : खोलीभाडे २५००, खाणावळ १४००.
देणे : रंगूबाई, चहा २४. सगुणाबाई, भजी २०.
येणे : बारा दिवसांचा पगार. नाव : धन